हवा भरू द्या

डॉक्टरांनी भीतीची खूण सांगून ठेवली आणि तिथून माझी भीती सुरू झाली.

"ऊन आता पुन्हा लागता कामा नये," नांदेडच्या दवाखान्यातून मायला सोडताना ते म्हणाले. "गाडीला एसी आहे ना? मग तो चालू ठेवा. ओठ सुकले तर पाणी पाजा, अंग तापलं तर ओलं फडकं ठेवा. पण बरळायला लागल्या, माणूस ओळखेनाशा झाल्या, तर समजा ऊन डोक्यात गेलं. मग फार वेळ हातात नसतो. जवळचा दवाखाना गाठा."

मी मान हलवली. एरवी मी कुणाचं मुकाट ऐकून घेणारी बाई नाही. किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका आहे आणि दिवसभर दुसऱ्यांना दटावणं हीच माझी नोकरी. पण त्या दिवशी मी गप्प राहिले आणि मायच्या तोंडाकडे बघत बसले. ते इतकं बारीक झालं होतं की बघवत नव्हतं.

माय म्हणजे धुरपताबाई, राहणार लातूर. त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं यायला लागलं होतं आणि गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. एप्रिलात, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी माय घागर घेऊन टँकरची वाट बघत उभी होती, ती तिथंच कोसळली. माझा धाकटा भाऊ ग्यानोबा नांदेडला असतो. त्यानं तिला उचलून नांदेडला आणलं, सलाईनं लावली आणि मग मला फोन केला. आधी का नाही केलास, म्हणून मी त्याला दवाखान्याच्या जिन्यातच झाडलं.

आता तिला लातूरला परत पाठवायचं नव्हतं. ग्यानोबाची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, त्यात दुपारची लाईट जायची. माझ्या वसतिगृहाच्या विहिरीला मात्र अजून पाणी होतं, क्वार्टरच्या भिंती जाड होत्या आणि भोवती सागाची झाडं होती. पाऊस पडेपर्यंत मायनं माझ्याकडे राहायचं, असं आम्ही ठरवलं. प्रश्न होता तिथवर पोचण्याचा. किनवटला रेल्वे जाते, पण त्या गर्दीच्या तापलेल्या डब्यात तिला बसवायची माझी छाती नव्हती. राहिली ग्यानोबाची गाडी.

त्या गाडीबद्दल बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. ग्यानोबाचं झेरॉक्सचं दुकान आहे, बरं चाललेलं. पण किनवटचा जिल्हा होणार, अशी बोलवा मधेमधे उठते, तशी ती तेव्हाही उठली होती आणि आमचे ग्यानोबासाहेब त्या बोलण्यात आले. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की साहेब लोक येतील, साहेब लोकांना भाड्यानं गाडी लागेल आणि ती एसीचीच लागेल, असा त्याचा हिशेब. म्हणून त्यानं एक जुनी डिझेल जीप घेतली आणि तिला वरून एसी बसवून घेतला. जिल्हा काही झाला नाही. गाडी दारात उभी राहिली आणि एसी तिच्या अंगावर म्हातारीच्या अंगावर घातलेल्या कोटासारखा दिसायचा.

त्यात ग्यानोबा गाडी शिकला उशिरा आणि चोरून. आमचे बाबा, निवृत्ती, एसटीत ड्रायव्हर होते. लातूर डेपोतच सगळी उमर गेली. त्यांनी लेकाला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "माझ्या पोरानं खुर्चीत बसायचं, सीटवर न्हाई," एवढंच ते म्हणायचे. डेपोत जायची ती फक्त माय. पहाटेच्या गाडीला ती डबा घेऊन जायची आणि उजाडताना परत यायची. आम्ही तेव्हा झोपलेलो असायचो.

निघायचं ठरलं होतं पहाटे, थंड वेळेत. मायला मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. ग्यानोबानं गाडी चालू केली. मग एसीचं बटण दाबलं. कुठंतरी टक् असा आवाज झाला, गाडी अंगात आल्यासारखी हलली आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. एसी नसला की इंजिन बरं चालायचं, एसी लावला की धापा टाकत मरायचं. ग्यानोबानं हवेची जाळी झटकली, डिझेलला शिव्या दिल्या, बॅटरीच्या तारा हलवल्या. पाय दाबून रेस देत राहिलं तर गाडी टिकत होती, पण सिग्नलला किंवा फाटकाला पाय काढला की संपलं. आणि ज्या एसीसाठी ही गाडी, तोच लावता येईना. मी खाली उतरून पदरानं मायला वारा घालत होते. पूर्वेकडचं आभाळ तांबडं व्हायला लागलं होतं.

देगलूर नाक्यावर गुरुपादप्पा नावाचा मेस्त्री आहे, मूळचा उदगीरकडचा. तो दुकान उघडीपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. त्यानं काही न विचारता बॉनेट उघडलं आणि ग्यानोबाला एसी लावायला सांगितला. इंजिन घरघरायला लागलं तसं त्यानं एका काळ्या डबीकडे बोट केलं. डबीतून एक बारीक दांडी निघाली होती.

"एसी लागला की इंजनावर वजन येतंय," तो म्हणाला. "तवा ही डबी दांडी ओढतीय, दांडी रेस जरा वाढवतीय, म्हणून इंजन मरत न्हाई. तुमची डबी ओढतच न्हाई बघा." त्यानं डबीची बारीक रबरी नळी काढली आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. नळीनं त्याचा अंगठा धरून ठेवला. नळी परत डबीला लावली तशी डबीतून साप सुसकारावा तसा आवाज यायला लागला. "डबीचा पडदा फाटलाय. हवा लीक हाय."

"नवी बसवा," मी म्हणाले.

"उद्या मागवतो बाई. आज इथं कुठं मिळना."

उद्यापर्यंत थांबणं म्हणजे मायला पुन्हा त्या स्लॅबखाली नेणं. मी ग्यानोबाकडे पाहिलं. तो मेस्त्रीला म्हणाला, "आजच्या पुरतं कायतरी करा. माय आजारी हाय."

गुरुपादप्पानं एक स्क्रू फिरवून इंजिनाची साधी चालच वाढवून दिली. मग एसी लावला. इंजिन थरथरलं, पण मेलं नाही. त्याच वेळी दुसरं गिऱ्हाईक त्याला हाका मारायला लागलं होतं. बॉनेट आपटता आपटता तो म्हणाला, "आता बंद पडणार न्हाई. पण घाटात एसी लावू नका. हवा लीक हाय, ध्यानात ठेवा."

आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि दोघांनाही ते समजलं. हवा लीक आहे म्हणजे एसीची गार हवा गळते, जपून वापरा. घाटात लावू नका म्हणजे चढाला लावू नका, इंजिन ओढणार नाही. चढाला एसी बंद करतात हे तर रिक्षात बसणाऱ्यालाही माहीत असतं. यात विचारण्यासारखं काय होतं.

भोकर मागे पडलं तेव्हा बाहेर बघवत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती, ओढ्यांत नुसते दगड. काचेच्या आत मात्र गारवा होता आणि मायचा श्वास सरळ चालला होता. एसी लावल्यापासून पुढून कुठूनतरी बारीक फुस्स आवाज येत होता. मी तो एसीचा धरला. हिमायतनगरला फाटकाशी थांबताना ग्यानोबा ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाई अक्का. आज पाय लई जड झालाय. रात्रभर मायजवळ बसून राहिलो ना."

मी म्हटलं, चप्पल काढून चालव. त्यानं काढली.

इस्लापूर सोडलं की डोंगर लागतात. चढ सुरू झाला तसा ग्यानोबानं मेस्त्रीचा शब्द पाळून एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. भट्टीचं दार उघडावं तसा वारा आत आला. मी ओलं फडकं मायच्या कपाळावर ठेवलं. दोन वळणं होईतो ते वाळलं. पुन्हा भिजवलं. तिचे गाल लाल झाले, मग त्या लालीवर एक कोरडी चकाकी आली. घाम येईना. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ग्यान्या, लवकर चढव."

"चढवूनच राहिलोय की. इंजन तापलंय, बघ."

माथ्यावर त्यानं गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून. काटा खाली यावा म्हणून. झाडांना पान नव्हतं. सगळं रान उभं वाळलेलं होतं आणि कुठं पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. तेवढ्यात मायनं डोळे उघडले. ते माझ्याकडे नव्हते. ती ग्यानोबाच्या पाठीकडे बघत होती.

"आवं," ती म्हणाली.

ग्यानोबा वळला. आवं ही हाक आमच्या घरात एकाच माणसासाठी होती आणि त्या माणसाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मायनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही, नुसतं आवं. आता ती ते आपल्या लेकाला म्हणत होती.

"आवं, हवा भरू द्या की," माय म्हणाली. "हवा भरल्याबिगर गाडी सोडू नगा."

"माय, मी ग्यानू हाय," ग्यानोबा म्हणाला. "माय, वळख की."

"हवा भरू द्या," ती पुन्हा म्हणाली आणि हसली. ते हसणं मला अजून दिसतं. असं लाजून हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि ते पाहून मी जितकी भ्याले तितकी आयुष्यात कशालाही भ्यालेली नाही. डॉक्टरांनी सांगितलेली खूण हीच. ऊन डोक्यात गेलं होतं.

मागे फिरायचं म्हटलं तर नांदेड किती लांब राहिलं होतं. खाली उतरलं की किनवटचा सरकारी दवाखाना. "चल," मी ओरडले. "काचा वर घे. एसी लाव, पुरा लाव. आता उतारच आहे."

त्यानं लावला. टक् आवाज झाला, मग फुस्स. गार झोत मागे आला आणि मी मायचं तोंड त्या झोताकडे वळवलं. गाडी उताराला लागली. माय पुटपुटतच होती, आवं आवं करत, आणि मी तिला थोपटत होते, हो माय, भरली हवा, गप पड. तिची समजूत काढत होते मी. वेड्या माणसाची काढतात तशी.

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणाला गाडी जरा बाहेर गेली. आरशात मला ग्यानोबाचे डोळे दिसले.

"अक्का," तो अगदी हळू म्हणाला. "ब्रेक लागंना."

"म्हणजे?"

"दगड झालाय. दबतच न्हाई."

त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. पाठ सीटला रेटून तो कमरेतून उचलला गेला होता. गाडी हळू व्हायच्या ऐवजी वेग घेत होती. त्यानं गिअर खाली टाकायला बघितलं, ती कर्कश ओरडली आणि घेईना. मग त्यानं हँडब्रेक ओढला. तो सरळ वर आला, रिकाम्या बादलीच्या कडीसारखा, त्याला काही अडकलंच नाही. मी मायला दोन्ही हातांनी सीटला दाबून धरलं. दुसरं काय करणार होते.

वळण संपलं आणि खालचा रस्ता दिसला. सरळ उतार आणि उताराच्या तळाशी टँकर. अर्धा रस्त्यात, अर्धा खाली. त्याच्याभोवती बायका, घागरी, प्लास्टिकची भांडी, रंगीत रांग रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीपर्यंत गेलेली. टँकरच्या मोटरच्या आवाजात त्यांना आमची गाडी ऐकू येत नव्हती. एकजण तर रस्त्याच्या मधोमध खाली बसून भरलेली घागर पुसत होती. ग्यानोबा हॉर्नवर पडला. दोनचार तोंडं वर झाली.

"हवा उतरली," माय म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. मांडीवर पडल्या पडल्या, डोळे मिटलेले, घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आवं, हवा उतरली. आता गाडी कशी थांबंल?"

मला एकदम डेपो दिसला. लहानपणी एकदा मी हट्ट करून मायबरोबर गेले होते. एसटी चालू करून बाबा नुसते उभे होते आणि गाडी जागेवर घरघरत होती. निघा की, असं मी म्हटलं होतं. तेव्हा बाबांनी मला उचलून आतला काटा दाखवला होता. हवा भरू दे पोरी, हवेवरच ब्रेक असतो. हवा नाही तर ब्रेक नाही.

हवा म्हणजे ब्रेक.

हवा लीक हाय, असं गुरुपादप्पा म्हणाला होता. ती गार हवा नव्हतीच. आणि एसी लावल्यापासून पुढं काहीतरी फुसफुसत होतं. चढाला एसी बंद होता तेव्हा ग्यानोबानं एकदाही पाय जड झाला म्हटलं नव्हतं. हे सगळं मी ओळीनं विचारात घेतलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी मायला सोडलं, दोन सीटांमधून पुढे झेपावले आणि एसीच्या बटणावर मूठ मारली.

टक्. फुस्स थांबलं.

"दाब," मी ओरडले. "सोड आणि पुन्हा दाब."

"दगड हाय अक्का."

"अरे दाब ग्यान्या."

त्यानं पाय उचलला, पुन्हा दिला. दगड. पुन्हा उचलला. बायका आता पळत होत्या. रस्त्यातली बाई उठली होती, पण घागर सोडत नव्हती, दोन्ही हातांनी ती ओढत होती. तिचा हिरव्या बांगड्यांचा हात मला दिसला. ग्यानोबानं पाय दिला आणि त्याच्या तोंडून हुंदका आला.

"दबला."

गाडी नाक खाली घालून घसरली, आडवी झाली आणि थांबली. ज्या घागरीला ती बाई ओढत होती, ती घागर आमच्या पुढच्या चाकाला टेकून कलंडली होती. पाणी रस्त्यावरून वाहत आमच्या चाकाखाली आलं आणि तापलेल्या डांबरावर लगेच वाळायला लागलं.

मी उतरले. बायकांनी आम्हाला घेरलं आणि शिव्यांचा पाऊस पडला. मी एरवी तोंडाला तोंड देणारी, पण हात जोडून उभी राहिले. घागरवाली बाई, भामाबाई म्हणून तिला सगळ्या हाका मारत होत्या, माझ्या अंगावरच आली होती. मग तिची नजर गाडीच्या उघड्या दारातून आत गेली आणि तिला माय दिसली.

"हिला काय झालंय?"

"ऊन लागलंय," मी म्हणाले आणि तिथंच रडायला लागले.

ती तिथूनच वळली. रिकामी घागर घेऊन रांग मोडून टँकरपाशी गेली. तिला कुणी अडवलं नाही. अर्धी घागर तिनं मायच्या डोक्यावर हळूहळू ओतली आणि उरलेल्या पाण्यात मायचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवलं. त्या उन्हाळ्यात, त्या रस्त्यावर, त्या पाण्याची किंमत काय होती हे मला सांगता येत नाही. मायनं तोंडावरचं पाणी जिभेनं चाटलं.

पण ओलं लुगडं किती टिकणार. दवाखाना अजून पुढं होता आणि मधे आणखी उतार होते. एसी लावला तर ब्रेक जाणार, नाही लावला तर माय जाणार. ग्यानोबा रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. त्याचे पाय अजून अनवाणीच होते. तो म्हणत होता, मी चालवणार न्हाई, अक्का, मी चालवणार न्हाई.

मी बॉनेट उघडलं. मला त्यातलं काही कळत नाही, आजही नाही. पण काळी डबी मी ओळखली आणि सकाळी मेस्त्रीनं नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला होता तेही डोळ्यांसमोर होतं. मी ग्यानोबाला हाताला धरून उठवलं, सीटवर बसवलं आणि एसी लावायला सांगितला. डबी फुसफुसायला लागली.

"ब्रेक बघ."

"दगड."

मी डबीची नळी उपटली. हात पोळला. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, तसा नळीनं तो ओढून धरला.

"आता बघ."

त्यानं दोनदा पाय देऊन बघितला. "मऊ झाला," मग म्हणाला. "अक्का, एसी चालू हाय अन् ब्रेक बी मऊ हाय."

म्हणजे ब्रेकला लागणारी ओढ त्या फाटक्या डबीतून वाया जात होती. एसी लावला की डबीकडचा रस्ता उघडायचा आणि ब्रेक उपाशी राहायचा, इतकं माझ्यासारखीलाही समजलं. इंजिनाची चाल मेस्त्रीनं वाढवलेलीच होती, त्यामुळे डबी नसली तरी ते मरणार नव्हतं. नळीचं तोंड तेवढं बंद करायचं होतं. माझ्या पर्समध्ये मुलींच्या हजेरीचा बॉलपेन होता. तो मी नळीत खुपसला आणि भामाबाईनं आपल्या फाटक्या पदराची चिंधी काढून दिली, ती वरून करकचून बांधली. ग्यानोबानं टँकरच्या मागे पुढे चारदा गाडी हलवून ब्रेक मारून बघितला. मग बाया बाजूला झाल्या.

उरलेला रस्ता मी पुढं बघितलं नाही. मायचा हात धरून नुसती फुस्स आवाज येतो का ते ऐकत होते. आला नाही. तरी प्रत्येक उताराला माझा उजवा पाय गाडीच्या फरशीवर दाबला जात होता, जणू ब्रेक तिथंच होता.

किनवटच्या दवाखान्यात मायला पुन्हा सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गार ठेवून आणलंत म्हणून बरं झालं. ग्यानोबा बाहेर ओट्यावर जाऊन गुरुपादप्पाला फोनवर वाट्टेल ते बोलला. तिकडून तो शांतपणे म्हणाला, "मी म्हणलो होतो की. हवा लीक हाय, घाटात एसी लावू नका." ग्यानोबानं फोन बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिला.

दिवस मावळायच्या सुमाराला मायनं डोळे उघडले. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना. तिची नजर माझ्यावरून फिरली आणि ग्यानोबावर थांबली. ती आता काय हाक मारते, त्याच्यावर सगळं होतं.

"ग्यानू," माय म्हणाली. "जेवलास का रं?"

ग्यानोबा पलंगाच्या लोखंडी पायाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला काय झालं ते मायला कळेना. ती त्याच्या केसातून हात फिरवत मलाच विचारायला लागली की तू बोललीस का त्याला.

मी तिला पाणी पाजलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "माय, गाडीत हवा हवा काय म्हणत होतीस? तुला कसं कळलं?"

"मी कवा म्हणले?" ती खरंच गोंधळली. तिला घाट आठवत नव्हता, टँकर आठवत नव्हता, भामाबाईचं पाणी आठवत नव्हतं. "तुझा बाप दिसला व्हता," मग म्हणाली. "डेपोत. मी डबा दिला, तर घेतला अन् लगीच गाडीत चढला. दिवसभर बोलायला तेवढाच टाइम असायचा बघ आमाला, गाडीची हवा भरूस्तवर. ती भरली की हे गेले. म्हणून म्हणलं, आवं, हवा तर भरू द्या."

"मग?"

"मग थांबले की," माय म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.